शनिवारचा सहाचा तास

ताइस्तो केंप्पाइनेनला शेजाऱ्याचं घर नको होतं, गाडी नको होती आणि बायको तर नकोच होती. त्याला फक्त शेजाऱ्याचा शनिवारचा तास हवा होता. संध्याकाळी सहा ते सात. एवढी माफक इच्छा माणूस अकरा वर्षं बाळगतो, ती पुरी होत नाही आणि मग त्याचं पित्त खवळतं, तर दोष कुणाला द्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. ताइस्तोनं ठरवलेलं होतं. दोष ओइवा लिंद्रूसचा.

कुओपिओ गावातल्या त्या चार मजली इमारतीत अठ्ठावीस घरं आणि तळघरात सौना एक. लाकडी बाकं, तापलेले दगड, दगडांवर पळीभर पाणी आणि मग कान भाजणारी वाफ. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास नेमून दिलेला. हे तास काही नुसते वेळापत्रकातले चौकोन नसतात. कुणाचा तास कुठला यावरून जिन्यात कोण कुणाला आधी नमस्कार करतो ते ठरतं, असं ताइस्तोचं निरीक्षण होतं, आणि तो एकतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होता, तेव्हा निरीक्षणाबद्दल वाद नको. शनिवारी सहा म्हणजे राजाचा तास. आठवडा संपलेला, अंगणात ऊन, उद्या रविवार. आणि ताइस्तोचा तास कुठला? गुरुवारी पाच, एकोणीस वर्षं झाली. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता या जगात आजवर काही चांगलं घडलंय का, हे त्यानं बायकोला कितीदा तरी विचारलं होतं.

"आपल्या मुलीचा, राइसाचा जन्म," राइया म्हणायची.

"तो साडेपाचला," ताइस्तो म्हणायचा, आणि विषय संपायचा.

ठरलेला तास सुटायचे दोनच मार्ग. एक, घर बदलणं. दोन, जगाचा निरोप घेणं. शनिवारच्या सहाच्या प्रतीक्षायादीत ताइस्तोचा नंबर अकरा वर्षं पहिला होता, आणि ओइवा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दोन्हींपैकी कशाचंच लक्षण दाखवत नव्हता. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आत डुंबणारा माणूस. जिन्यात भेटला की ताइस्तो अगदी मनापासून विचारायचा, "काय ओइवा, तब्येत कशी आहे?" आणि ओइवा म्हणायचा, "ठणठणीत." त्या दिवशी ताइस्तोला जेवण गोड लागत नसे.

बरं, जळायचं तर निदान डोळ्याआड जळावं. पण ताइस्तोच्या स्वैपाकघराची खिडकी नेमकी सौनाच्या पायऱ्यांवर उघडत होती. दर शनिवारी सहाला पाच कमी असताना तो कॉफीचा कप घेऊन तिथं उभा राहायचा. खाली ओइवा निळा झगा घालून यायचा, मागोमाग त्याची बायको लाह्या, हातात बर्च झाडाच्या ओल्या पानांची अंगावर झोडायची जुडी. सात वाजता दोघं बाहेर येऊन अंगणातल्या बाकावर बसायची, लाल झालेली, अंगातून वाफा निघतायत, हातात सॉसेज, सॉसेजवर मोहरी. इथपर्यंतही ताइस्तोनं सहन केलं असतं. पण ती दोघं हसायची.

"काय हसतात एवढं?" तो राइयाला म्हणायचा. "लग्नाला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षांनी हसण्यासारखं उरतं काय माणसाकडे?"

"खाली जाऊन विचारून ये," राइया विणकामातून मान वर न करता म्हणायची.

ओइवानं त्याला बोलावलंही होतं. "ये की रे एखाद्या शनिवारी, बाकावर जागा आहे." ताइस्तोनं त्याला धन्यवाद दिले आणि दोन रात्री तो झोपला नाही. दुसऱ्याच्या तासात जाऊन घाम गाळायचा? ज्याला स्वाभिमान नावाची वस्तू आहे त्यानं?

मे महिन्यात इमारतीची वार्षिक सभा भरली. दालचिनीचे पाव होते, कॉफी होती, आणि व्यवस्थापक तुओविनेनबाई होत्या, ज्या प्रत्येक वाक्य कागदावरून वाचायच्या, अगदी 'नमस्कार'सुद्धा. सातव्या विषयाला त्यांनी वाचलं की सौनाच्या तासांचं जे अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर आहे, त्याची मोठी नवी आवृत्ती एक सप्टेंबरपासून लागू होतेय, टाकून घ्यायला आत्ताच मिळेल. या आवृत्तीत जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार काढून टाकण्यात येईल. म्हणजे जुन्या फोनवर ती चालणार नाही. प्रत्येकानं एकतीस ऑगस्टच्या आत नव्या आवृत्तीत शिरून आपला तास आपलाच असल्याचं बटण दाबायचं. जो दाबणार नाही त्याचा तास प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाईल.

ताइस्तोच्या हातातला पाव हातातच राहिला. त्याची नजर सरकत सरकत ओइवाच्या टेबलावर गेली. तिथं ओइवाचा फोन पडलेला होता. बारा वर्षांचा, काचेला तडा गेलेला, मागचं झाकण पडू नये म्हणून त्याला जांभळं रबरबँड लावलेलं.

तळमजल्यावरची साइमी, वय वर्षं एक्क्याऐंशी, हात वर करून म्हणाली, "जुनं चाललंय ते वाईट चाललंय का? नाहीतर वर्षभर तळघराच्या दाराशी एक कागद लावू. पेन्सिल मी देते."

ताइस्तो उभा राहिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत तो सभेत कधी बोलला नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या जिभेवर काय बसलं कोण जाणे. तो सुरक्षिततेबद्दल बोलला. तो काळाच्या पावलांबद्दल बोलला. कागद म्हटला की तो फाटतो, भिजतो, पेन्सिलीनं लिहिलेलं कुणीही खोडतो, असं तो बोलला. "मागं राहणाऱ्यांसाठी," तो शेवटी म्हणाला, "अख्ख्या इमारतीनं थांबायचं का?" सगळ्यात आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर ओइवानं. त्याला भाषण खरोखर आवडलं होतं. कागदाचा ठराव साइमीच्या एका मताविरुद्ध फेटाळला गेला.

माणूस चांगलं बोलला की त्याला काम देतात, हे ताइस्तोच्या लक्षात आलं नव्हतं. तुओविनेनबाईंनी तिथल्या तिथं त्याला 'डिजिटल मदतनीस' नेमलं, इमारतीचा लॅपटॉप त्याच्या स्वाधीन केला, आणि दोन दिवसांनी जिन्यात लावायची सूचना त्याच्याकडे पाठवली. त्या सूचनेच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: ज्यांच्याकडे चालणारा फोन वा संगणक नाही, त्यांनी मुदतीच्या आत व्यवस्थापकांच्या कार्यालयात कागदी अर्ज द्यावा, म्हणजे त्यांचा तास कायम राहील.

ताइस्तोनं ती ओळ तीनदा वाचली. मग तो खाली गेला आणि सूचना फलकावर टाचली. फलकावर आधीच अंगण झाडायच्या दिवसाची सूचना होती. ती थोडी सरकून नव्या सूचनेच्या तळावर आली. फार नाही, अडीच सेंटिमीटर. ज्या माणसानं आयुष्यभर दुकानदारांचे तराजू ग्रॅमात पकडले, त्याच्या हातून अडीच सेंटिमीटरची चूक होऊ शकते का? होऊ शकते, असं ताइस्तो जिना चढताना स्वतःला सांगत होता. वयोमानानं होऊ शकते.

जूनपासून त्याच्या दारात रांग लागली. अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस तऱ्हेचे फोन, आणि प्रत्येक फोनसोबत सल्ला फुकट. दुसऱ्या मजल्यावरच्यानं सांगितलं की फोन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की चपळ होतो. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, नवी आवृत्ती अमावास्येला टाकू नये, तिच्या भावाची अडकली. साइमी आपला टॅब्लेट टॉवेलात गुंडाळून आणायची.

"हा म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा," ती म्हणाली. "मी चाळीस वेळा केला. साधारण किती करायचा असतो?"

"तुझा पासवर्ड काय आहे, साइमी?"

"तो मी कुणाला सांगत नाही."

"मला नको सांगूस, त्याला सांग."

"त्याला तर मुळीच नाही," साइमी म्हणाली. तिची मंगळवारची वेळ पक्की व्हायला तीन आठवडे लागले. पण झाली. एकेक करून सगळ्यांची झाली, आणि ताइस्तोला इमारतीत मान मिळू लागला. लोक जिन्यात त्याला आधी नमस्कार करू लागले. ओइवा तेवढा आला नाही. ताइस्तोनं त्याला बोलावलंही नाही. मदतनीसानं मदत घेऊन दारोदार फिरावं अशी पद्धत कुठंच नाही.

जुलैच्या शेवटी त्याला आठवलं की आपलाही फोन आहे. त्यानं ऐटीत नवी आवृत्ती टाकायला घेतली. फोन म्हणाला, या उपकरणावर ही आवृत्ती चालणार नाही.

ताइस्तोला हे स्वतःच्या फोननं तोंडात मारल्यासारखं वाटलं. फोन सहाच वर्षांचा होता. रबरबँड नव्हतं, तडा नव्हता. त्यानं खिडकीचा पडदा ओढला आणि मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज म्हणाला की काळजी करू नका, तुमच्या फोनची सिस्टीम अजून एक पायरी वर नेता येते, मग चालेल. फक्त त्याला जागा लागेल. फोनमध्ये जागाच नाहीये.

"एवढं भरलंय तरी काय त्यात?" आवाजानं विचारलं.

"खाजगी आहे," ताइस्तो म्हणाला.

होतंच खाजगी. त्या फोनमध्ये त्याच्या अळंबीच्या जागा होत्या. गावाबाहेरच्या रानात पिवळी अळंबी कुठं उगवते, कुठल्या देवदाराच्या उत्तरेला, कुठल्या शेवाळलेल्या खडकामागं, हे त्याला वडिलांनी मरताना सांगितलं होतं, आणि वडिलांना त्यांच्या आईनं. बँकेच्या तिजोरीची किल्ली कुठं असते ते इथला माणूस शेजाऱ्याला सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. अशा चौदा जागा. राइयाला त्यातल्या नऊच ठाऊक होत्या. वय झालं, विसर पडायला लागला, म्हणून ताइस्तो दर मोसमात प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवायचा, आणि फोन प्रत्येक फोटोसोबत ठिकाण आपोआप नोंदवून ठेवायचा. फोटो असे हजारो होते.

ते पुसायचे तर आधी कुठंतरी प्रत ठेवायला हवी. घरचा संगणक गेल्या शतकातला होता. पण इमारतीचा लॅपटॉप होता ना. नवा, रिकामा, आणि डिजिटल मदतनीसाच्या ताब्यात. ताइस्तोनं तार जोडली, समोर दिसलेल्या पहिल्या खणात सगळे फोटो ओतले आणि फोन मोकळा केला. दोन तासांत फोन एक पायरी चढला, नवी आवृत्ती बसली. तो इतका खूश झाला की त्यानं राइयासाठी कॉफी केली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी आठला तो कचरा टाकायला उतरला तर इमारत रिकामी. जिन्यात आवाज नाही, अंगणात पोरं नाहीत, सायकलींच्या जागेवर एकही सायकल नाही. फक्त ओइवा बाकावर पेपर वाचत बसलेला.

"सगळे गेले कुठं?" ताइस्तोनं विचारलं.

"रानात. सकाळी साइमी माझ्याकडे बादली मागायला आली होती. म्हणाली, ताइस्तोनं सगळ्यांना जागा दाखवल्यात." ओइवानं पेपर खाली केला. "माझ्या फोनवर काही दिसत नाही बाबा. पण तुझं मन मोठं आहे हो."

ताइस्तो जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला. त्यानं नवी आवृत्ती उघडली. नव्या आवृत्तीत एक नवी सोय होती, 'आपल्या इमारतीची चित्रं'. लॅपटॉपच्या त्या पहिल्या खणातलं सगळं तिथं दिसायचं, प्रत्येक रहिवाशाला, नकाशासकट. नकाशावर चौदा लाल टाचण्या होत्या. आणि ही आवृत्ती इमारतीतल्या प्रत्येक फोनवर कुणी बसवली होती? एकेकाला समोर बसवून, चष्मा पुसून, ताइस्तोनंच बसवली होती.

तो गाडी घेऊन रानात पोचला तेव्हा सातव्या टाचणीपाशी दुसरा मजला होता आणि नवव्या टाचणीपाशी चौथा. सगळ्यांनी आदरानं हात हलवले. साइमी वडिलांच्या खडकामागून दोन भरलेल्या बादल्या घेऊन बाहेर आली.

"उत्तम जागा आहे, ताइस्तो," ती म्हणाली. "अशी माणसं आता राहिली नाहीत."

रान सगळ्यांचं, अळंबी वेचायचा हक्क सगळ्यांना, कायद्यानंच दिलेला. चोरी म्हणावी तर चोरी नाही आणि भांडावं तर आभार मानतायत. संध्याकाळी फलकावर, अंगण झाडायच्या सूचनेशेजारी, कुणीतरी चिठ्ठी लावली: 'ताइस्तोचे मनापासून आभार. पाचव्या जागेवर अजून आहेत.'

राइयानं एवढंच विचारलं, "चौदा होत्या?"

"होत्या," ताइस्तो म्हणाला. त्यानंतर ती दोन दिवस त्याच्याशी फार कमी बोलली.

आता त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे एक सप्टेंबर. अळंबी गेली तर गेली, पण शनिवार हातात येईल. तो रोज नवी आवृत्ती उघडून बघायचा. सत्तावीस घरांपुढे हिरवी खूण होती. लिंद्रूसपुढे नव्हती.

एकोणतीस ऑगस्टला सकाळी दारावर टकटक झाली. ओइवा उभा होता. चांगला कोट घातलेला, एका हातात रबरबँडचा फोन, दुसऱ्या हातात कागदाची पिशवी.

"ते नवीन काय आहे, ते यात चालेल का रे?" त्यानं विचारलं.

ताइस्तोनं फोन हातात घेतला. उगाच उलटासुलटा केला. "नाही चालणार. याची सिस्टीम त्यांनी सोडून दिली."

"असं," ओइवा म्हणाला. "मग दुसरा काही मार्ग असेल?"

आता बोलायचं ते एवढंच होतं, की ओइवा, तुओविनेनबाईंकडे एक कागद मिळतो. पाच शब्द. ताइस्तोच्या तोंडाशी ते आलेही. पण त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर निळा झगा आला, लाल झालेली तोंडं आली, सॉसेजवरची मोहरी आली आणि ते हसू आलं. तो रबरबँडकडे बघत म्हणाला, "मला तरी ठाऊक नाही."

ओइवाचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, चष्मा शोधत असल्यासारखा. मग तो तसाच रिकामा बाहेर आला.

"बरं. राहू दे मग," तो म्हणाला आणि पिशवी पुढं केली. "ही घे. साइमीनं दिली होती. तुझ्याच जागेवरची अळंबी आहे म्हणाली. मला खाववेना. म्हटलं ज्याची त्याला द्यावी."

त्या रात्री राइयानं अळंबीची भाजी केली, लोण्यावर परतून, साय घालून. ताइस्तोनं दोन घास खाल्ले आणि पोट बिघडलंय असं सांगून उठला. पोटाला काही झालेलं नव्हतं.

एक सप्टेंबरला नाश्त्याच्या वेळी फोन वाजला. 'अभिनंदन. तुमचा नवा तास: शनिवार, सहा ते सात.' ताइस्तोनं तो मजकूर राइयाला वाचून दाखवला, मग एकदा स्वतःला वाचून दाखवला. गुरुवारी पाचचा त्याचा जुना तास आपोआप मोकळा झाला. तो कुणालाच नको होता, प्रतीक्षायादीत चिटपाखरू नव्हतं, म्हणून तुओविनेनबाईंनी ओइवाला तो देऊन टाकला, कागदावर. हे कळलं तेव्हा ताइस्तोला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. राजाला गुरुवारी पाचवर आणून बसवल्याचं समाधान होतं ते.

पहिल्या शनिवारची तयारी त्यानं बुधवारपासून केली. नवा झगा आणला. तोही निळाच, पण अधिक गडद. बर्चची जुडी स्वतः बांधली. सॉसेज दोन जातींची आणली. शनिवारी साडेपाचला तो तयार होऊन दिवाणखान्यात आला तर राइया आरशासमोर उभी होती. फुलांचा झगा, ओठांना लाली आणि पायात नाचाचे बूट, जे त्यानं वीस वर्षांत पाहिले नव्हते.

"हे काय?"

"लाह्यानं बोलावलंय. तळ्याकाठच्या मंडपात नाच असतो दर शनिवारी. तिला आणि ओइवाला इतकी वर्षं जाता येत नव्हतं, सहाचा सौना होता म्हणून. आता त्यांची संध्याकाळ मोकळी झाली."

"पण आज आपला तास आहे, राइया."

"तुझा तास आहे," राइया म्हणाली. रागानं नाही. केसात पिन खोचता खोचता म्हणाली. "मी अकरा वर्षांत एकदा तरी मागितला होता का? नाचायला चल असं मात्र म्हटलं होतं. तुला आठवणार नाही. तू खिडकीत असायचास."

सहाला पाच कमी असताना ताइस्तो झगा घालून पायऱ्या उतरत होता आणि त्याच पायऱ्यांसमोरून ओइवाची जुनी गाडी निघाली. पुढं ओइवा आणि लाह्या, मागं राइया. तिघांनी त्याला हात केला. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी हसणं ऐकू येत होतं.

आणि सौना? पाच ते सहा तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा तास होता, तीन पोरांसकट. पोरांनी बादलीभर पाणी दगडांवर ओतून भट्टीचा जीव घेतला होता. बाकं चिकट, फरशीवर प्लास्टिकचं बदक. ताइस्तो वरच्या बाकावर एकटा बसला. पळीभर पाणी टाकलं. दगडांनी फुसकन आवाज केला आणि गप्प बसले. तो पूर्ण तासभर बसला, कारण तास त्याचा होता. सात वाजता बाहेर येऊन अंगणातल्या बाकावर बसला, सॉसेजवर मोहरी घेतली, आणि मान वर करून स्वतःच्या स्वैपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. तिथं कुणीच उभं नव्हतं. त्यानं जरा वेळ वाट पाहिली आणि सॉसेज कागदात गुंडाळून ठेवलं.

गुरुवारी पाचला पाच कमी असताना त्याचे पाय सवयीनं खिडकीकडे वळले. खाली ओइवा आणि लाह्या निघाली होती. सहा वाजता दोघं बाकावर येऊन बसली, कधी नव्हेत इतकी लाल, आणि लागली हसायला. ताइस्तोनं रिकामी कचऱ्याची पिशवी उचलली आणि खाली गेला.

"काय रे हसताय एवढं?" त्यानं विचारलं. अकरा वर्षांनी विचारलं.

"काही नाही रे," ओइवा म्हणाला. "लाह्याला घाम आला की तिला शाळेतल्या गोष्टी आठवतात. बस ना." त्यानं सरकून जागा केली. "पण तू पक्का आहेस हां, ताइस्तो. एकोणीस वर्षं हा गुरुवार एकटा भोगलास आणि कुणाला बोलला नाहीस. दगड कोरे करकरीत, बाकं सुकी, आधी कुणी आलेलं नाही. अशी वाफ मी जन्मात घेतली नव्हती. गेल्या गुरुवारीच साइमीला सांगितलं, तर तीही चकित झाली."

तेवढ्यात लाह्या सॉसेज पुढं करत म्हणाली, "आणि आम्ही बावळट तो कागद भरून बसलो होतो. विसाव्या तारखेलाच भरला होता मी. साइमीनं ती अंगण झाडायची सूचना उचलून खालची ओळ वाचली होती ना. अजून ह्याच्या कोटाच्या खिशात आहे तो."

ताइस्तोनं ओइवाकडे पाहिलं. ओइवा मोहरीची बाटली हलवत होता.

"मग दिला का नाहीस?" ताइस्तोनं विचारलं.

"द्यायलाच निघालो होतो. म्हटलं, जाता जाता तुला एकदा विचारावं," ओइवा म्हणाला. "तू म्हणालास, ठाऊक नाही. तेव्हा म्हटलं, याला एवढा हवा असेल तर घेऊ दे. तासच तर आहे." आणि त्यानं ताइस्तोच्या सॉसेजवर मोहरी घातली.

शनिवार त्यानं जिंकला नव्हता. तो त्याला देण्यात आला होता, जुना कोट द्यावा तसा, आणि देणारा वर दर शनिवारी त्याच्या बायकोला नाचायला नेत होता. ताइस्तोनं सॉसेज खाल्लं, कारण नाही म्हणायलाही काही तोंड लागतं. मग वर गेला, दार लावलं आणि फोनवर नवी आवृत्ती उघडली. गुरुवार. पाच ते सहा. 'प्रतीक्षायादीत नाव नोंदवा.' त्यानं बटण दाबलं. फोन क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, 'नोंद झाली. तुमचा क्रमांक: दोन. तुमच्या पुढे: साइमी ह्यूव्हारिनेन, तळमजला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साइमी जिन्यात भेटली. दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि ती सायकलीकडे निघाली होती. ताइस्तोनं तिच्यासाठी दार धरलं.

"काय साइमी," त्यानं अगदी मनापासून विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत," साइमी म्हणाली. "तुझ्या जागेवरची अळंबी खायला लागल्यापासून तर जास्तच."